खरी परीक्षा दुसऱ्या सर्व्हिसची

५ जानेवारी २०१९ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, उंची २०३ सेंटीमीटर. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, उंची २११ सेंटीमीटर आणि वय ३९. १९७७ साली केन रोझवॉल खेळला होता, त्यानंतर इतक्या वयाचा खेळाडू एटीपी स्पर्धेच्या एकेरीत अंतिम फेरीपर्यंत आला नव्हता. अँडरसनने हा सामना ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. पावणेतीन तासांच्या आसपास खेळूनही एकाही सेटमध्ये कोणाला दोन गेमचे अंतर काढता आले नाही. दुसऱ्या दिवशी हा सामना ज्यांनी वर्तमानपत्रातून वाचला, त्यांना एकच निष्कर्ष सुचला असणार: आजच्या व्यावसायिक टेनिसमध्ये सर्व्हिस म्हणजेच सर्व काही.

हा निष्कर्ष घाईचा आहे. तो तपासायला फार लांब जावे लागत नाही, त्याच कोर्टावर बरोबर एक वर्ष मागे गेले की पुरते. २०१८ साली ही स्पर्धा चेन्नईहून पुण्यात आली आणि पहिल्याच वर्षी अँडरसन अंतिम फेरीत होता. काही महिन्यांपूर्वीच तो अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळून आला होता. त्याच्यासमोर होता फ्रान्सचा जिल सिमॉन. १८३ सेंटीमीटर उंचीचा, मानांकन नसलेला, सर्व्हिससाठी कोणीही कधी न वाखाणलेला खेळाडू. उपांत्य फेरीत त्याने मारिन चिलिच या दुसऱ्या तोफखान्याला हरवले होते. अंतिम सामन्यात त्याने अँडरसनला ७-६, ६-२ असे नमवले. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू थोडा अधिक वेगाने जातो, म्हणजे परिस्थितीही सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूची होती. तरी जिंकला तो चेंडू परतवणारा.

एकाच कोर्टावरचे, एकच खेळाडू सामाईक असलेले हे दोन निकाल शेजारी ठेवले की प्रश्न नीट मांडता येतो. सर्व्हिस महत्त्वाची आहे का, हा प्रश्नच नाही. ती नेमके काय देते आणि काय देऊ शकत नाही, हा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की जोरकस पहिली सर्व्हिस खेळाडूला हरण्यापासून वाचवते, पण जिंकण्याची पात्रता ठरते ती दुसऱ्या सर्व्हिसवर. आपण टाळ्या वाजवतो पहिलीला आणि मुलांना शिकवतोही पहिलीच. हिशेब चुकतो तो इथे.

विदर्भातल्या आपल्या वणीपासून बालेवाडी सातशे किलोमीटरच्या आसपास. कोळसा आणि कापसाच्या या पट्ट्यात टेनिसचे कोर्ट शोधावे लागते, व्हॉलीबॉलचे मैदान मात्र शोधावे लागत नाही. त्यामुळे इथल्या वाचकाला टेनिसच्या सर्व्हिसचे वेगळेपण व्हॉलीबॉलवरून चटकन कळेल. दोन्हीकडे खेळाडू मागच्या रेषेवर उभा राहतो, चेंडू वर उडवतो आणि डोक्यावर हात नेऊन मारतो. पण व्हॉलीबॉलमध्ये चेंडू पलीकडे गेला की समोरच्या संघाला तीन स्पर्श मिळतात. एक जण तो उचलतो, दुसरा जाळ्याजवळ उडवून देतो, तिसरा स्मॅश मारतो. म्हणून वरच्या दर्जाच्या व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस करणारा संघ तो गुण बहुतेक वेळा गमावतो. टेनिसमध्ये समोरच्याला एकच स्पर्श. उचलणे, रचणे आणि मारणे ही तिन्ही कामे त्याला अर्ध्या सेकंदात, एकाच फटक्यात उरकावी लागतात. हात तसाच फिरतो, पण एका खेळात सर्व्हिस करणे हे ओझे ठरते आणि दुसऱ्यात मिरास. फरक पडतो तो चेंडू घेणाऱ्याला नियम किती सवड देतात यामुळे.

टेनिसमधला दुसरा कोणताही फटका प्रतिस्पर्ध्याने पाठवलेल्या चेंडूवर मारावा लागतो. त्या चेंडूचा वेग, उसळी आणि फिरकी समोरचा ठरवतो. सर्व्हिस तेवढी पूर्णपणे आपली. कुठे उभे राहायचे, चेंडू किती उंच उडवायचा, कुठे आणि केव्हा मारायचा, सगळे आपल्या हातात. २०१८ च्या अमेरिकन ओपनपासून ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पंचवीस सेकंदांचे घड्याळ कोर्टावर लागले. त्याआधी तर वेळेवरचे बंधनही नावापुरतेच असे. शिवाय चूक झाली तरी आणखी एक संधी मिळते, तीच दुसरी सर्व्हिस.

या फटक्याला एक भौमितिक अडचण आहे, आणि उंच माणसांना त्याचा फायदा का होतो ते त्या अडचणीतच दडलेले आहे. मागच्या रेषेपासून जाळे ११.८९ मीटरवर असते. जाळ्यापलीकडचा सर्व्हिसचा चौकोन ६.४० मीटर खोल आणि मधोमध जाळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. चेंडू अगदी सरळ रेषेत जातो असे धरले, तर जाळ्याला घासून चौकोनाच्या शेवटच्या रेषेवर पडण्यासाठी तो जमिनीपासून २.६१ मीटर उंचीवर मारावा लागेल. समरूप त्रिकोणांचे शाळेतले गणित एवढे सांगते. सहा फूट उंचीच्या खेळाडूची रॅकेट हात ताणल्यावर या उंचीच्या थोडीच वर पोहोचते. म्हणजे त्याच्या सरळ फटक्याला जाळे आणि रेषा यांच्यामध्ये जेमतेम फट मिळते. गुरुत्वाकर्षण चेंडूला अर्ध्या मीटरहून अधिक खाली ओढते म्हणून काम निभावते. कार्लोविचची रॅकेट तीन मीटरच्या बरीच वर चेंडूला भिडते. त्याच्यासाठी ती फट खिडकीएवढी होते. तो जोरात मारू शकतो हे खरेच, पण जोरात मारूनही चेंडू आत राहतो ही त्याची खरी कमाई आहे.

उंची कमी असेल तर फट रुंदावण्याचा एकच मार्ग उरतो, चेंडूला फिरकी देणे. रॅकेट खालून वर नेत चेंडूच्या पाठीवरून घासली की चेंडू पुढच्या दिशेने गिरक्या घेतो, जाळ्यावरून बराच उंच जातो आणि मग झपकन खाली येतो. पडल्यावर खांद्यापर्यंत उसळतो. दुसरी सर्व्हिस याच तंत्रावर उभी आहे. पहिलीत शरीराची देणगी बरेच काही करून जाते. दुसरी ही जवळजवळ पूर्णपणे कमावलेली विद्या आहे.

पहिल्या सर्व्हिसचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. तिने खेळाचे नियम बदलायला भाग पाडले आहे. सर्व्हिस करताना एक पाय जमिनीवर टेकलेला असलाच पाहिजे हे जुने बंधन १९६० च्या आसपास सुटले आणि सर्व्हिस ही उडी मारून करायची गोष्ट झाली. दोघेही आपापली सर्व्हिस राखत राहिले की सेट संपेचना. म्हणून जेम्स व्हॅन ॲलन या अमेरिकन माणसाने सुचवलेली टायब्रेकची कल्पना १९७० साली अमेरिकन ओपनने उचलली. तरी विम्बल्डनच्या शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता. तिथे २०१० साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. शेवटचा सेट ७०-६८. त्या सेटच्या १३८ गेमपैकी पहिल्या १३७ गेममध्ये प्रत्येक वेळी सर्व्हिस करणाराच जिंकला. संपूर्ण सामन्यात इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ बिनतोड सर्व्हिस झाल्या. २०१८ साली याच इस्नरला विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत साडेसहा तासांहून अधिक खेळून २६-२४ असे हरवणारा खेळाडू होता केविन अँडरसन. पुढच्या वर्षीपासून विम्बल्डनने शेवटच्या सेटमध्ये १२-१२ वर टायब्रेक आणला. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांनी ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक स्वीकारला. म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीला खेळलेला माणूस अशा सामन्याचा विजेता होता, की ज्यानंतर विम्बल्डनला आपला नियम बदलावा लागला.

या कथेतून निघणारा अर्थ मात्र सहसा उलटा लावला जातो. १३७ गेम दोघांनी सर्व्हिस राखली तोवर इस्नर जिंकला नव्हता. जिंकला तो शेवटच्या गेममध्ये माहूची सर्व्हिस भेदून. आपली सर्व्हिस कितीही अभेद्य असली तरी तिच्यामुळे गुणफलक बरोबरीपाशी थांबतो. बरोबरी मोडायला समोरच्याची सर्व्हिस कधीतरी मोडावी लागते, निदान टायब्रेकमध्ये एका गुणापुरती तरी. बालेवाडीच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात दोघांच्या तोफा एकमेकींना खोडून काढत राहिल्या आणि निकाल लागला तो टायब्रेकमधल्या मोजक्या गुणांवर. दोन समान शक्ती एकमेकींना खोडतात तेव्हा निकाल तिसरीच गोष्ट लावते.

नव्वदच्या दशकात हे भान सुटले होते. १९९४ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रस आणि गोरान इव्हानिसेविच यांच्यात चेंडू फार वेळ इकडून तिकडे गेलाच नाही. टेनिस मेले, आता सर्व्हिस एकच द्या, चेंडू मोठा करा, अशा सूचना सुरू झाल्या. मोठ्या चेंडूचे प्रयोगही झाले. मग २००१ पासून विम्बल्डनने कोर्टावरचे गवत बदलले. नवे राईगवत जास्त टिकाऊ होते, त्यावर जमीन घट्ट राहू लागली आणि चेंडू वर उसळू लागला. त्याच सुमारास पॉलिएस्टरच्या तारा सर्वत्र आल्या. १९९७ साली अशाच तारा वापरून गुस्ताव्हो कुएर्तेन फ्रेंच ओपन जिंकला होता. या तारांनी चेंडूला एवढी फिरकी देता येऊ लागली की जाळ्याकडे धावत येणाऱ्याच्या पायाशी चेंडू टाकणे सोपे झाले. २००२ साली विम्बल्डनचा अंतिम सामना लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबांदियान या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या दोघांत झाला. आठ वर्षांपूर्वी जो खेळ सर्व्हिसने गिळला असे वाटत होते, तो नियम न बदलता सावरला. सर्व्हिसची सत्ता गवत, माती, तारा आणि हवा यांच्या मेहेरबानीवर चालते हे तेव्हाच दिसून आले.

आकडेही हेच सांगतात. बिनतोड सर्व्हिसचा एटीपीचा विक्रम आधी कार्लोविचच्या नावावर होता, १३,७२८. २०२२ मध्ये इस्नरने तो मागे टाकला आणि २०२३ साली निवृत्त होताना १४,४७० वर थांबला. कार्लोविचची ग्रँड स्लॅम एकेरीतली सर्वोत्तम मजल २००९ च्या विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी, इस्नरची २०१८ ची उपांत्य फेरी. दोघांकडे मिळून अठ्ठावीस हजारांहून अधिक बिनतोड सर्व्हिस, आणि एकेरीचे ग्रँड स्लॅम विजेतेपद शून्य. क्रमवारीत कार्लोविच चौदाव्या स्थानाच्या वर गेला नाही, इस्नर आठव्या. सर्व्हिसने त्यांना दीर्घ आणि सन्मानाची कारकीर्द दिली, हे लहान देणे नव्हे. पण शिखराच्या वाटेवर एक ठिकाण असे आले की तिथून पुढे ती पुरली नाही.

त्याची दुसरी बाजू २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात दिसली. रॉजर फेडररच्या बिनतोड सर्व्हिस पंचवीस, नोव्हाक जोकोविचच्या दहा. फेडररने एकूण गुणही अधिक जिंकले, २१८ विरुद्ध २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ अशी आघाडी, सर्व्हिस त्याच्या हातात, विजेतेपद एका गुणावर. इतिहासातल्या सर्वोत्तम सर्व्हिसपैकी एक आणि तिला लागलेली सर्वात अनुकूल वेळ. जोकोविचने ते दोन्ही गुण परतवून लावले आणि शेवटी १३-१२ असा सेट घेतला. तेव्हा जोकोविचच्या प्रशिक्षकांत कोण होता? त्याच वर्षी सामील झालेला गोरान इव्हानिसेविच. आपल्या काळातला सर्वात भेदक सर्व्हिस करणारा माणूस जगातल्या सर्वोत्तम परतफेड करणाऱ्याला शिकवायला आला आणि पुढच्या वर्षांत जोकोविचची सर्व्हिस लक्षणीय सुधारली. ज्याच्याकडे परतीचा फटका आहे त्याला सर्व्हिस शिकवता येते. उलट दिशेचे उदाहरण शोधायला गेलो तर दमछाक होते.

परतवणाऱ्याचे काम निव्वळ प्रतिक्रियेचे असते हाही एक गैरसमज आहे. ताशी दोनशे किलोमीटरने निघालेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास येऊन पोहोचतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करण्यातच त्यातला मोठा हिस्सा जातो. म्हणून चांगला परतवणारा चेंडू सुटण्याआधीच वाचायला लागतो. चेंडू किती उजवीकडे उडवला, खांदा केव्हा उघडला, अडचणीच्या गुणावर हा खेळाडू कुठे मारतो. आंद्रे आगासीने निवृत्तीनंतर सांगितलेला किस्सा टेनिसप्रेमींना पाठ आहे. बोरिस बेकर सर्व्हिस करण्याआधी जीभ बाहेर काढतो आणि ती ज्या बाजूला वळते त्या बाजूला चेंडू जातो, हे आगासीने हेरले होते. त्यातला विनोद बाजूला ठेवला तरी पहिले तीन सामने हरलेल्या आगासीने पुढच्या अकरापैकी दहा जिंकले, ही नोंद आहेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खेळाडूला दोन सर्व्हिस मिळतात, तर दोन्ही तेवढ्याच जोरात का मारत नाहीत? याचे उत्तर गणितात आहे. समजा एखाद्याची पहिली सर्व्हिस शंभरपैकी ६२ वेळा आत पडते आणि आत पडली की तो ७४ टक्के गुण जिंकतो. त्याचे ४६ गुण इथेच झाले. उरलेल्या ३८ वेळा तो सावध, फिरकीची दुसरी सर्व्हिस करतो आणि निम्मे गुण जिंकतो, म्हणजे १९. एकूण ६५. दुसऱ्या वेळीही त्याने पहिल्याच जोराने मारले, तर ३८ पैकी २३-२४ आत पडतील आणि त्यांतून १७-१८ गुण मिळतील. एकूण ६३-६४. तोटा एखाद-दोन गुणांचाच, पण तोटाच. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तरी पुरुषांच्या व्यावसायिक खेळातले प्रमाण साधारण याच घरातले असते. ज्याची पहिली सर्व्हिस ७० टक्के आत पडते आणि आत पडल्यावर ८० टक्के गुण देते, अशा दुर्मीळ माणसाला मात्र दोन्ही वेळा जोरात मारणे परवडते. कार्लोविचच्या वर्गातल्या मोजक्या खेळाडूंपुरतेच हे खरे.

या हिशेबात महत्त्वाचे आहे ते मधले निम्मे. पहिली सर्व्हिस आत पडली की पारडे करणाऱ्याकडे झुकलेले असते, चारपैकी तीन गुण त्याचे. दुसऱ्या सर्व्हिसवर पारडे जवळजवळ समतोल होते. म्हणजे सर्व्हिसच्या गेममध्ये खरा सामना होतो तो इथेच, बाकी वेळी सर्व्हिस करणारा आपले हक्काचे वसूल करत असतो. कोणी म्हणेल की पहिली सर्व्हिस अधिक वेळा होते, म्हणून तिच्यातल्या सुधारणेचा फायदा अधिक. गणित म्हणून ते बरोबर आहे. पण पहिलीतला फरक बराचसा खांद्याच्या आणि हाडांच्या लांबीतून येतो, आणि वरच्या पातळीवर समोरच्याकडेही तशीच पहिली सर्व्हिस असते. दुसरीतला फरक सरावाने पडतो. आपल्या ३८ दुसऱ्या सर्व्हिसवर १९ ऐवजी २२ गुण जिंकणारा खेळाडू फार वेगळा दिसत नाही, पण तीन गुण म्हणजे काय हे फेडररला विचारावे. २०२४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात बोलताना त्याने आपल्या कारकिर्दीचा हिशेब मांडला होता: सामने जवळजवळ ८० टक्के जिंकले, गुण मात्र ५४ टक्केच. शंभरातल्या चार जादा गुणांवर वीस ग्रँड स्लॅम विजेतेपदे उभी राहतात.

दुसरी सर्व्हिस अवघड होते ती हाताने नव्हे, मनाने. तिच्यामागे तिसरी संधी नसते. इव्हानिसेविच १९९२, १९९४ आणि १९९८ असे तीन विम्बल्डन अंतिम सामने हरला. २००१ साली खास प्रवेशिकेवर खेळून तो पुन्हा अंतिम फेरीत आला. पॅट्रिक राफ्टरविरुद्ध विजेतेपदाचा गुण हातात असताना त्याने दुहेरी चुका केल्या. ताशी दोनशे किलोमीटरच्या सर्व्हिसवर कारकीर्द घडवणाऱ्या माणसाला त्या क्षणी साधी सर्व्हिस आत टाकता येईना. शेवटी जिंकला, ९-७ असा, आणि विजयाचा गुण त्याला दुसऱ्याच सर्व्हिसवर मिळाला.

महाराष्ट्राशी नाते असलेले उदाहरण अरिना सबालेंकाचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टावर झालेली डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वेग होता, ताकद होती. पुढे ती पहिल्या दहांत गेली आणि मग २०२२ च्या सुरुवातीला तिची सर्व्हिस अक्षरशः कोसळली. ॲडलेडमध्ये तिच्यावर खालून हात फिरवून सर्व्हिस करण्याची पाळी आली. त्या एका मोसमात तिच्या चारशेहून अधिक दुहेरी चुका झाल्या. ताकद तशीच होती, बिघडली होती ती दुसऱ्या सर्व्हिसची घडण आणि तिच्यावरचा विश्वास. शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या प्रशिक्षकाच्या मदतीने तिने आपली पद्धत मुळापासून सुधारली. जानेवारी २०२३ मध्ये एलेना रिबाकिनाविरुद्ध ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मॅच पॉइंटवर तिने दुहेरी चूक केली. वर्षभरापूर्वीची सबालेंका तिथेच मोडली असती. या वेळी तिने चौथ्या मॅच पॉइंटवर विजेतेपद घेतले. तिचे हे एकेरीतले पहिले ग्रँड स्लॅम वेगवान सर्व्हिसने दिले असते, तर ते आधीच मिळायला हवे होते.

भारतीयांसाठी या सगळ्याचा अर्थ काय? आपली परंपरा सर्व्हिसची कधीच नव्हती. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले ते हळुवार हातावर आणि नेमक्या जागांवर. त्यांचे चिरंजीव रमेश कृष्णन यांची सर्व्हिस तर मवाळपणासाठीच प्रसिद्ध होती, तरी १९८६ साली विम्बल्डनची आणि १९८१ व १९८७ साली अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी त्यांनी गाठली. आज तेवढ्या मवाळ सर्व्हिसवर कोणी तिथे पोहोचेल असे मला वाटत नाही. रॅकेट आणि तारा बदलल्या, परतवणारे निर्दय झाले आणि हलकी दुसरी सर्व्हिस ही आता थेट शिक्षा ठरते. पण म्हणून उंच मुलगा सापडेपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. ऑस्ट्रेलियाची ॲशली बार्टी १६६ सेंटीमीटर उंचीची. नेमकेपणा, फिरकी आणि जागांची निवड यांवर तिने आपली सर्व्हिस महिला टेनिसमधल्या सर्वात परिणामकारक सर्व्हिसपैकी एक केली आणि २०२१ चे विम्बल्डन व २०२२ चे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले. सरासरी मराठी मुलीने उंचीची सबब सांगू नये, एवढ्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

गावाची सबबही चालत नाही. प्रार्थना ठोंबरे बार्शीची, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक आणि पुढे रिओ ऑलिम्पिक. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, २-६, ६-३, १०-४. तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या त्या दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये सर्व्हिस दर दोन गुणांनी हात बदलते. एखादीच दुहेरी चूक पदकाचा रंग बदलू शकते. बार्शी आणि श्रीरामपूर ही वणीसारखीच तालुक्याची गावे आहेत. फरक आहे तो पाठबळाचा, आणि तो मी नाकारत नाही. बालेवाडीची एटीपी स्पर्धा २०२३ नंतर पुण्यात राहिली नाही, तेव्हा जवळून पाहण्याची ती संधीही गेली.

तरी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. सर्व्हिस हा टेनिसमधला एकमेव फटका असा की ज्याच्या सरावाला समोर कोणी लागत नाही. जोडीदार नको, चेंडू फेकणारे यंत्र नको. आणि व्हॉलीबॉलचे मैदान असते १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. टेनिसच्या मागच्या रेषेपासून पलीकडच्या सर्व्हिस रेषेपर्यंतचे अंतर आहे १८.२९ मीटर, आणि सर्व्हिसच्या दोन्ही चौकोनांची मिळून रुंदी ८.२३ मीटर. वणीतल्या शाळा-महाविद्यालयांच्या, कोळसा खाणींच्या वसाहतींच्या आणि खेड्यापाड्यांच्या व्हॉलीबॉल मैदानांवर टेनिसची सर्व्हिस जवळजवळ नेमकी बसते. व्हॉलीबॉलचे जाळे उतरवायचे, मारणाऱ्यापासून बारा मीटरला थोडे कमी अंतर धरून ९१ सेंटीमीटर उंचीवर दोरी ताणायची, पलीकडे चुन्याने दोन चौकोन आखायचे. मातीवर उसळी कोर्टासारखी मिळणार नाही, पण सर्व्हिस करणाऱ्याचे काम चेंडू टप्पा खाण्याआधीच संपलेले असते.

क्रीडा शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एवढेच सांगायचे आहे. मूल पहिल्यांदा रॅकेट हातात घेईल तेव्हा त्याला जोरात मारायला सांगू नका. वाढत्या वयाच्या खांद्याला आणि पाठीला त्याची किंमत मोजावी लागते, आणि वेगाचा आकडा आपोआप वयाबरोबर येतो. आधी फिरकीची, दोरीवरून हातभर उंच जाणारी आणि दहापैकी नऊ वेळा चौकोनात पडणारी सर्व्हिस शिकवा. चेंडू आत पडतोय की नाही ते मोजा, मग चौकोनाच्या कोणत्या कोपऱ्यात पडतोय ते मोजा, आणि वेग सर्वात शेवटी. दमल्यावर, उन्हात आणि चार माणसे बघत असताना तीच सर्व्हिस पुन्हा करून घ्या. पहिली सर्व्हिस त्या मुलाला त्याची उंची देईल तेवढी देईल. दुसरी मात्र त्याला तुम्हीच द्यायची आहे.